ईएन २४ पोलादाचे हार्डनिंग-टेम्परिंग : चलनावरच्या आकड्यापलीकडे काय तपासावे

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांमधून शाफ्ट, पिना, स्पिंडल, गिअर ब्लँक असे जॉब रोज हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जातात, आणि त्यांच्यासोबतच्या चलनावर बहुधा एकच ओळ असते : “हार्डनिंग-टेम्परिंग, २८ ते ३५ एचआरसी”. हार्डनिंग म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करणे, टेम्परिंग म्हणजे नंतर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणे, आणि एचआरसी म्हणजे रॉकवेल यंत्रावर मोजलेली कठिनता. जॉब परत आले की दोन-तीन ठिकाणी हार्डनेस पाहिला जातो आणि आकडा मर्यादेत असला की ते ग्राइंडिंगला जातात. ही पद्धत सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण ३० एचआरसी हा आकडा पोलादात दोन वेगळ्या वाटांनी आणता येतो. एका वाटेने जॉब आतपर्यंत पूर्ण कडक करून मग उच्च तापमानाला टेम्पर केला जातो. दुसऱ्या वाटेने तो अर्धवटच कडक होतो, आणि कठिनता आधीच कमी पडलेली असल्यामुळे टेम्परिंगचे तापमान खाली ठेवून तोच आकडा जुळवला जातो. दोन्ही जॉबवर यंत्राचा काटा एकाच ठिकाणी थांबतो; परंतु दुसऱ्याची यील्ड स्ट्रेंग्थ आणि आघात सोसण्याची क्षमता कमी असते, आणि फिरत्या भाराखाली तो लवकर थकतो. हा फरक पोलादाच्या सूक्ष्मरचनेत असतो, आणि तो पकडण्याचे मार्ग लहान कारखान्यालाही परवडणारे आहेत.

पुढील विवेचनासाठी एकच जॉब समोर ठेवतो : ईएन २४ पोलादाचा (निकेल-क्रोमिअम-मॉलिब्डेनम मिश्रपोलाद), ६० मिमी व्यासाचा आणि ४०० मिमी लांबीचा शाफ्ट. त्याला ‘यू’ अवस्था हवी आहे, म्हणजे ९२५ ते १०७५ मेगापास्कल ताणबल आणि २६९ ते ३३१ ब्रिनेल कठिनता, जी साधारण २८ ते ३५ एचआरसी इतकी भरते.

आत काय बदलते

साध्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या जाळीत बसलेले असतात, त्या फेराइटमध्ये कार्बनला जवळजवळ जागाच नसते. ७२७ अंश सेल्सिअसलाही त्यात फार तर ०.०२ टक्के कार्बन विरघळतो. पोलाद तापवून ८०० अंशांच्या पुढे नेले की जाळीची मांडणी बदलते, ऑस्टेनाइट तयार होते आणि सगळा ०.४० टक्के कार्बन त्यात सहज सामावतो. हार्डनिंगचे सारे शास्त्र या एका फरकावर उभे आहे. ऑस्टेनाइट सावकाश थंड झाले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, आणि फेराइट व सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बन यांचे कठीण संयुग) यांच्या पातळ पट्ट्या एकाआड एक रचल्या जाऊन पर्लाइट बनते. ते झटकन थंड झाले तर कार्बन जागच्या जागी अडकतो, जाळी एका दिशेने ताणली जाते आणि मार्टेन्साइट बनते. ही ताणलेली जाळीच त्याच्या कठिनतेचे आणि ठिसूळपणाचेही कारण असते. या दोन टोकांच्या मधल्या वेगाने बेनाइट मिळते.

मार्टेन्साइट किती कठीण होईल हे जवळजवळ केवळ कार्बनवर ठरते. ०.४० टक्के कार्बनचे निव्वळ मार्टेन्साइट ५५ ते ५८ एचआरसी देते, मग ते साधे कार्बन पोलाद असो वा महागडे मिश्रपोलाद. मग ईएन २४ मधील १.३० ते १.७० टक्के निकेल, १.०० ते १.४० टक्के क्रोमिअम आणि ०.२० ते ०.३५ टक्के मॉलिब्डेनम यांचे पैसे आपण कशासाठी मोजतो? ही मूलद्रव्ये पर्लाइट तयार होण्यास विलंब लावतात. ६० मिमी जाडीच्या गाभ्यातली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ईएन ८ सारखे साधे कार्बन पोलाद आतून पर्लाइटमध्ये जाते, तर ईएन २४ अजून ऑस्टेनाइटच असते व नंतर मार्टेन्साइट होते. म्हणून ६० मिमीचा ईएन ८ चा शाफ्ट तेलात कडक केला तर केवळ वरचा थर बदलतो. ईएन २४ चा शाफ्ट गाभ्यापर्यंत कडक होतो. आपण मिश्रपोलाद खरेदी करतो ते या खोलीसाठी. ती खोली भट्टी किंवा तेलाच्या टाकीपाशी वाया गेली, तर महाग पोलाद घेण्याला अर्थ उरत नाही.

पहिली पायरी : पोलाद कोणते आहे याची खात्री

ईएन १९ आणि ईएन २४ यांचे काळे बार डोळ्यांना सारखेच दिसतात. बारच्या टोकाला मारलेला रंग पहिल्या तुकड्याबरोबर कापला जातो, आणि उरलेला बार रॅकवर निनावी होतो. त्यामुळे बार आल्याबरोबर हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) दोन्ही टोकांना पंच करावा, कापताना पंच असलेले टोक शेवटी कापावे आणि प्रत्येक तुकड्यावर खूण पुढे न्यावी. ठिणगी पाहून कार्बनचा अंदाज बांधणारे कसबी कारागीर आपल्याकडे आहेत, परंतु निकेल दीड टक्का आहे की नाही हे ठिणगीवरून विश्वासाने सांगता येत नाही. प्रत्येक नव्या हीटचा एक तुकडा स्पेक्ट्रो तपासणीला (रासायनिक घटक मोजणाऱ्या चाचणीला) पाठवावा आणि तो अहवाल गिरणीच्या टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून पाहावा. ईएन १९ मध्ये क्रोमिअम आणि मॉलिब्डेनम असते, निकेल हेतूपूर्वक घातलेले नसते. अहवालातल्या निकेलच्या रकान्यावरून अदलाबदल लगेच उघड होते. फॉस्फरसचा आकडाही तेव्हाच टिपून ठेवावा, कारण टेम्परिंगच्या वेळी त्याचा संबंध येणार आहे.

दुसरी पायरी : भट्टीआधीचे मशीनिंग

रोलिंग झालेल्या काळ्या बारच्या पृष्ठभागातून कार्बन काही प्रमाणात आधीच गेलेला असतो. हा थर टर्निंगने काढल्याशिवाय जॉब कडक करू नये. रफ टर्निंगनंतर व्यासावर दोन ते तीन मिमी माल शिल्लक ठेवावा, म्हणजे भट्टीतला स्केल (ऑक्साइडची खपली), थोडा वाक आणि नव्याने कार्बन गमावलेला थर हे सगळे अंतिम मशीनिंगमध्ये निघून जाते. पायरीच्या कोपऱ्यांना त्रिज्या द्यावी. चावीची खाच आणि आडवी छिद्रे शक्य असेल तर टेम्परिंगनंतर करावीत, कारण यू अवस्थेतले पोलाद कार्बाइड टूलने व्यवस्थित कापता येते. छिद्र आधीच करणे भाग असेल तर ते अग्निरोधक मातीने बुजवावे.

तुकडा फोर्जिंगचा असेल तर आधी ८६० ते ८८० अंशांना नॉर्मलायझिंग करून दाणे एकसारखे करून घ्यावेत. ईएन २४ हवेतही बऱ्यापैकी कडक होते. म्हणून नॉर्मलायझिंगनंतर त्याला ६५० अंशांच्या सुमाराला मऊ केल्याशिवाय टर्नरच्या हाती देऊ नये.

तिसरी पायरी : तापवणे आणि मुरवणे

जॉबवरचे कूलंट आणि तेल पुसून काढावे. लांब शाफ्ट भट्टीत आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून फिक्श्चरला उभा टांगावा. दोन जॉबांमध्ये किमान एका व्यासाइतके अंतर असावे. भट्टी भरगच्च भरण्याचा मोह फार महागात पडतो, कारण मधल्या जॉबला ना वेळेवर उष्णता पोचते, ना टाकीत पुरेसे तेल.

आधी ६०० अंशांना जॉब आतपर्यंत तापू द्यावा. थंड शाफ्ट थेट लाल भट्टीत ठेवला, तर वरचा थर प्रसरण पावतो, गाभा पावत नाही, आणि वाक येण्याची सुरुवात इथेच होते. त्यानंतर भट्टी ८४० अंशांवर न्यावी. ईएन २४ साठी ८२३ ते ८५० अंश हा प्रचलित पट्टा आहे. नियंत्रकावर दिसणारा आकडा थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाचा असतो, जॉबचा नसतो, हे विसरता कामा नये. टोक भट्टीच्या छताजवळ असेल तर खालच्या कोपऱ्यातला जॉब वीस-तीस अंशांनी मागे असू शकतो. विमानाच्या सुट्या भागांचे काम करणाऱ्यांना एएमएस २७५० मानकानुसार भट्टीचे तापमान ठिकठिकाणी मोजून दाखवावे लागते; इतरांनीही अशी मोजणी वर्षातून निदान एकदा करून घ्यावी.

मुरवण्याची वेळ कुठून मोजायची यावर बरेच काही अवलंबून असते. नियंत्रकाने ८४० दाखवले म्हणजे जॉब ८४० ला पोचला असे नव्हे. झरोक्यातून पाहिल्यावर जॉबचा रंग भट्टीच्या भिंतीत मिसळून गेला, त्याची कड वेगळी दिसेनाशी झाली, की घड्याळ सुरू करावे. तिथून व्यासाच्या दर २५ मिमीला अर्धा तास, म्हणजे आपल्या शाफ्टला साधारण सव्वा तास द्यावा. वेळ कमी पडला तर गाभ्यात न विरघळलेले फेराइट आणि कार्बाइड राहतात. तापमान फार चढले तर ऑस्टेनाइटचे दाणे मोठे होतात आणि चिवटपणा घटतो. दाण्यांचा आकार एएसटीएम क्रमांक ५ ते ८ च्या दरम्यान राहिला पाहिजे; क्रमांक जितका मोठा, दाणे तितके बारीक.

साध्या विद्युत भट्टीत हवा असते, आणि तापलेल्या पृष्ठभागातला कार्बन ऑक्सिजनबरोबर निघून जातो. सील्ड क्वेंच (तेलाच्या टाकीसह हवाबंद) किंवा व्हॅक्यूम भट्टी उपलब्ध नसेल, तर जॉब पेटीत ठेवून भोवती बिडाचा चुरा किंवा वापरलेला कोळसा भरावा. मुरवण्याच्या दरम्यान वीज गेली आणि भट्टी ७५० अंशांखाली उतरली, तर वीज आल्यावर उरलेली मिनिटे पूर्ण करून भागत नाही. जॉब पुन्हा ६०० अंशांपासून चढवावा, आणि नंतर कार्बन गमावलेल्या थराची जाडी न चुकता तपासावी.

चौथी पायरी : तेलात बुडवणे

सूक्ष्मरचना खऱ्या अर्थाने इथे ठरते, आणि निष्काळजीपणाही सर्वाधिक इथेच होतो. लाल जॉब तेलात गेल्यावर प्रथम त्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि थंड होण्याचा वेग मंद असतो. मग आवरण फुटते, तेल थेट पृष्ठभागावर उकळू लागते आणि उष्णता सर्वांत वेगाने खेचली जाते. शेवटी उकळणे थांबून केवळ प्रवाहाने थंड होणे उरते. पहिला टप्पा जितका लवकर संपेल तितके चांगले, आणि तो संपवण्याचे साधन म्हणजे ढवळणे. टाकीत प्रोपेलर किंवा पंप नसेल तर जॉब वर-खाली हलवत राहावा. तो उभा बुडवावा आणि आडवा हलवू नये, नाहीतर एक बाजू आधी थंड होऊन शाफ्ट केळ्यासारखा वाकतो.

तेल ५० ते ७० अंशांवर असावे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहा अंशांखाली जातो आणि रात्रभर थांबलेल्या टाकीतले तेल दाट झालेले असते. थंड तेल जॉब जास्त वेगाने थंड करील अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दाट तेल वाहत नाही, वाफेचे आवरण टिकून राहते आणि पहिली बॅच मऊ निघते. सकाळी पहिला चार्ज टाकण्यापूर्वी हीटर लावून तेल गरम करावे, किंवा भंगारातले तापवलेले लोखंडी तुकडे बुडवून त्याला ऊब आणावी.

पावसाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये गळक्या पत्र्यातून किंवा फुटलेल्या कूलर नळीतून तेलात पाणी उतरते. थोडेसे पाणीही जॉबवर मऊ डाग आणि तडे देऊ शकते. जास्त पाणी साचले तर लाल जॉब टाकताच ते वाफ होऊन तेल बाहेर उसळते आणि आग लागते. तपासणी अगदी सोपी आहे. टाकीच्या तळाजवळून चमचाभर तेल घ्यावे आणि तव्यासारख्या तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब सोडावेत. शुद्ध तेल शांतपणे पसरते आणि धूर सोडते. पाणी असेल तर तडतड आवाज करीत उडते. पावसाळ्यात ही चाचणी रोज सकाळी करावी आणि तडतड ऐकू आली तर त्या दिवशी टाकी वापरू नये.

भट्टीचे दार उघडल्यापासून जॉब तेलात जाईपर्यंत दहा सेकंदांच्या आसपास वेळ लागावा. आता तो बाहेर कधी काढायचा हा प्रश्न येतो. ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट कोणत्या तापमानाला होऊ लागते, हे अँड्र्यूज यांच्या प्रचलित सूत्राने काढता येते : ५३९ मधून कार्बनच्या टक्क्यांची ४२३ पट, मँगनीजची ३०.४ पट, निकेलची १७.७ पट, क्रोमिअमची १२.१ पट आणि मॉलिब्डेनमची ७.५ पट वजा करायची. ०.४० कार्बन, ०.६० मँगनीज, १.५० निकेल, १.२० क्रोमिअम आणि ०.२५ मॉलिब्डेनम धरले तर उत्तर सुमारे ३१० अंश येते. म्हणजे ३१० अंशांना रूपांतर केवळ सुरू होते, आणि तापमान जसजसे उतरेल तसतसे ते पुढे सरकते. त्याच तापमानाला थांबून राहिल्याने ते वाढत नाही. शाफ्ट दीडशे अंशांवर असतानाच काढून टेम्परिंग भट्टीत टाकला, तर गाभ्यात न बदललेले ऑस्टेनाइट शिल्लक राहते आणि ते पुढे टेम्परिंगनंतर थंड होताना ठिसूळ मार्टेन्साइट बनू शकते. ६० ते ८० अंश, म्हणजे हाताला चटका बसेल पण तेल धुरणार नाही इतका गरम असताना, तो बाहेर काढावा.

पाचवी पायरी : टेम्परिंगपूर्वीची कठिनता, आणि हीच सर्वांत महत्त्वाची

बहुतेक ठिकाणी हे मोजमाप वगळले जाते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत याहून उपयोगी दुसरे मोजमाप नाही. टेम्परिंगनंतरचा आकडा अनेक वाटांनी जुळवता येतो, परंतु तेलातून निघालेल्या जॉबचा आकडा थेट सांगतो की मार्टेन्साइट किती बनले. शाफ्टच्या टोकाला छोटी जागा ग्राइंड करून रॉकवेलवर पाहावे. ५२ किंवा त्याहून अधिक एचआरसी आले तर रचना जवळजवळ पूर्ण मार्टेन्साइटची आहे. ४५ च्या आसपास आले तर निम्मे पोलाद बेनाइट किंवा त्याहून मऊ रचनेत गेले आहे. अशा वेळी टेम्परिंगचे तापमान खाली आणून चलनावरचा आकडा गाठणे म्हणजे दोष झाकणे होय. योग्य उपाय एकच : तेल, ढवळणे, तापमान यांतले कारण शोधून जॉब पुन्हा कडक करणे. मात्र कठिनता कमी दिसली की आधी अर्धा मिमी आणखी ग्राइंड करून पुन्हा मोजावे, कारण कार्बन गमावलेला थरही असाच मऊ आकडा दाखवतो.

हे मोजमाप वेगाने उरकावे लागते. टेम्पर न झालेला मार्टेन्साइट स्वतःच्या आतल्या ताणाखाली असतो. संध्याकाळी कडक केलेले जॉब रात्रभर जमिनीवर ठेवून सकाळी टेम्पर केले तर काहींना पहाटेच तडे गेलेले आढळतात. भट्टी मोकळी नसेल तर निदान १५० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये जॉब ठेवून द्यावेत.

सहावी पायरी : टेम्परिंग

टेम्परिंगमध्ये अडकलेला कार्बन हळूहळू जाळीतून बाहेर येऊन बारीक कार्बाइडच्या रूपात बसतो. ताण सैलावतो, कठिनता उतरते, चिवटपणा चढतो. ईएन २४ च्या जवळचे अमेरिकन पोलाद ४३४०, २५ मिमी व्यासाचे, तेलात कडक करून टेम्पर केल्यावर मिळणारे प्रसिद्ध आकडे पाहू. २०५ अंशांना ताणबल १९८० मेगापास्कल आणि आयझॉड आघात ऊर्जा २० ज्यूल. ३१५ अंशांना १७६० मेगापास्कल आणि १४ ज्यूल. ४२५ अंशांना १५०० आणि १६. ५४० अंशांना १२४० आणि ४७. ६५० अंशांना १०२० आणि १०० ज्यूल. ताणबल पायरीपायरीने खाली येते, पण आघात ऊर्जा सरळ चढत नाही. ३१५ अंशांना ताणबल कमी झालेले असूनही पोलाद २०५ अंशांपेक्षा अधिक ठिसूळ आहे. या तापमानांत सिमेंटाइट मार्टेन्साइटच्या काड्यांच्या सीमांवर बसते, म्हणून सुमारे २५० ते ४०० अंशांचा हा पट्टा धोक्याचा ठरतो आणि तो टाळावा. मधली कठिनता हवी म्हणून कोणी ३५० अंशांना टेम्पर करण्याचे सुचवले, तर डिझाइन बदलावे किंवा वेगळे पोलाद निवडावे.

आपल्या शाफ्टसाठी ६२० अंशांपासून सुरुवात करावी आणि जॉब आतपर्यंत तापल्यानंतर किमान दोन तास ठेवावा. तापमान आणि वेळ यांपैकी कशावर अधिक लक्ष द्यावे हे टेम्परिंगचे तापमान आणि वेळ यांचा एकत्रित परिणाम मोजणाऱ्या हॉलोमन-जॅफे सूत्रावरून कळते. त्यानुसार ६२० अंशांना दोन तासांऐवजी चार तास ठेवणे हे दोन तास ठेवून तापमान सुमारे १३ अंशांनी वाढवण्याइतकेच ठरते. वेळ दुप्पट झाली तरी फरक एवढाच, तर भट्टीच्या एका कोपऱ्यातली वीस अंशांची तूट त्याहून जास्त फरक पाडते. बॅचमध्ये काही शाफ्ट २८ आणि काही ३५ येत असतील, तर वेळेकडे नव्हे, भट्टीच्या तापमानाच्या एकसारखेपणाकडे पाहावे.

टेम्परिंगनंतर शाफ्ट कसा थंड करायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण निकेल-क्रोमिअम पोलादात तो मुळीच किरकोळ नाही. ५७५ ते ३७५ अंशांच्या दरम्यान सावकाश थंड होताना फॉस्फरस, कथील, अँटिमनी यांचे अणू जुन्या ऑस्टेनाइट दाण्यांच्या सीमांवर गोळा होतात आणि त्या सीमा कमकुवत करतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफांच्या निकेल-क्रोमिअम पोलादात हा दोष इतका जाणवला की त्याला ‘क्रुप रोग’ हे नाव पडले. मॉलिब्डेनम हा दोष बराच रोखते, आणि ईएन २४ मध्ये ते असण्याचे हेही एक कारण आहे. तरीही भट्टी बंद करून जॉब आतच रात्रभर सोडू नयेत. ६२० अंशांवरून काढून तेलात किंवा निदान मोकळ्या हवेत सुटे सुटे थंड करावेत. या दोषात कठिनता अजिबात बदलत नाही. रॉकवेलवर ३१ एचआरसी दाखवणारा शाफ्ट आघात चाचणीत काचेसारखा तुटू शकतो, म्हणून महत्त्वाच्या जॉबसाठी चार्पी चाचणी (खाच पाडलेला नमुना हातोड्याच्या एका घावाने तोडणारी आघात चाचणी) मागावी.

वाक काढायचा असेल तर जॉब टेम्परिंगमधून निघालेला गरम असतानाच प्रेसवर सरळ करावा, आणि नंतर टेम्परिंगपेक्षा पंचवीस-तीस अंश कमी तापमानाला पुन्हा ठेवून ताण काढावा. थंड अवस्थेत ठोकून सरळ केलेला शाफ्ट ग्राइंडिंगनंतर पुन्हा वाकतो.

सातवी पायरी : अंतिम कठिनता आणि सूक्ष्मदर्शक

अंतिम कठिनता मोजण्यापूर्वी अर्धा मिमी ग्राइंड करावे, ठरावीक कठिनतेच्या प्रमाण-ब्लॉकवर यंत्र पडताळून घ्यावे आणि दोन खुणांमध्ये खुणेच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवावे. या पट्ट्यात माझी पसंती ब्रिनेलला आहे, कारण १० मिमी गोळीची मोठी खूण पृष्ठभागावरच्या लहानसहान फरकांनी फसत नाही. ब्रिनेल आकड्याला ३.४५ ने गुणले की ताणबलाचा चांगला अंदाज येतो. ३०० ब्रिनेल म्हणजे सुमारे १०३५ मेगापास्कल.

सूक्ष्मरचना पाहण्यासाठी बॅचबरोबर त्याच हीटचा, त्याच ६० मिमी व्यासाचा आणि सुमारे १५० मिमी लांबीचा एक तुकडा भट्टीत पाठवावा. २५ मिमीचा लहान तुकडा पाठवण्याची प्रथा आहे, ती बंद करावी. तो लहान असल्यामुळे नेहमीच पूर्ण कडक होतो आणि शाफ्टच्या गाभ्याविषयी काहीही सांगत नाही. तुकडा मधोमध, भरपूर कूलंट सोडून कापावा, कारण कोरड्या कटिंग व्हीलने रचनाच बदलते. कडेचा, अर्ध्या त्रिज्येचा आणि मधला असे तीन नमुने घेऊन एमरी पेपरवर क्रमाने बारीक करीत न्यावेत, प्रत्येक पेपरवर दिशा ९० अंशांनी फिरवावी, आणि मखमली कापडावर डायमंड पेस्टने आरशासारखे करावेत. मग २ टक्के नायटलमध्ये काही सेकंद बुडवावेत, चमक जाऊन पृष्ठभाग राखाडी झाला की लगेच धुऊन अल्कोहोलने वाळवावेत. नायटल करताना नायट्रिक आम्ल अल्कोहोलमध्ये थेंबाथेंबाने घालावे, घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवू नये.

पाचशे पट मोठे करून पाहिले असता चांगल्या शाफ्टमध्ये तिन्ही नमुन्यांत गडद, बारीक, काड्यांच्या ठेवणीची टेम्पर्ड मार्टेन्साइट दिसते. मधल्या नमुन्यात थोडे बेनाइट असले तर या व्यासात ते चालण्यासारखे आहे. दाण्यांच्या सीमेवर पांढऱ्या रेघांचे फेराइट दिसले तर जॉब भट्टीबाहेर रेंगाळला किंवा तेल मंद होते. फेराइट सीमेवर नसून विखुरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांत असेल तर भट्टीचे तापमान किंवा मुरवणे कमी पडले. केवळ कडेला पांढरा पट्टा असेल तर कार्बन गेला आहे, आणि त्याची जाडी शिल्लक ठेवलेल्या मालापेक्षा कमी आहे का, एवढेच पाहायचे. सातपूर-अंबड परिसरातल्या धातुपरीक्षण प्रयोगशाळांकडून असा छायाचित्रांसह अहवाल मिळतो. प्रयोगशाळेला एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का ते आधी विचारावे.

तडा आढळला तर वादात पडण्याआधी तो तडा उघडून पाहावा. आत स्केल असेल आणि भोवती कार्बन गेलेला पांढरा थर असेल, तर तडा हार्डनिंगआधीच बारमध्ये किंवा फोर्जिंगमध्ये होता. भोवतीची रचना अबाधित असून आतला पृष्ठभाग टेम्परिंगच्या रंगाने काळपट-निळसर झाला असेल, तर तो तेलात किंवा तेलानंतर पडला आहे. आतला पृष्ठभाग पूर्ण चकचकीत असेल तर तडा टेम्परिंगनंतरचा, बहुधा ग्राइंडिंगचा आहे.

आठवी पायरी : झिंक प्लेटिंग असल्यास

याच पोलादाचे बोल्ट अधिक ताणबलाला, १००० मेगापास्कलच्या पुढे, तयार करून त्यांवर झिंक प्लेटिंग करायचे असेल, तर आम्लात धुताना आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि घट्ट बसवलेला बोल्ट काही तासांनी वा दिवसांनी अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांना काही तास बेकिंग करावे. बोल्ट जितका कठीण, तितका हा वेळ वाढवावा.

चलनावर काय लिहावे

आता चलनावरची ती एक ओळ बदलता येते. आपल्या शाफ्टसाठी ती अशी असावी : “ईएन २४, हीट नंबर सोबत. ६०० अंशांना प्रीहीट, ८४० अंशांना मुरवून तेलात हार्डनिंग. टेम्परिंगपूर्वी पृष्ठभागाची कठिनता ५२ एचआरसी किंवा अधिक. प्रत्यक्ष आकडा अहवालात द्यावा. ६०० अंशांखाली टेम्परिंग करू नये. टेम्परिंगनंतर तेलात किंवा हवेत थंड करावे. अंतिम कठिनता २६९ ते ३३१ ब्रिनेल. ६० मिमी व्यासाचा तपासणी तुकडा जॉबसोबत परत करावा. भट्टीचा तापमान आलेख जोडावा.” यातील ६०० अंशांची अट अर्धवट कडक झालेल्या जॉबवर आकडा जुळवण्याची वाट बंद करते. असे चलन प्रथम पाठवण्यापूर्वी हीट ट्रीटमेंटवाल्यांशी समोर बसून बोलावे, दर थोडा वाढवून मागितला तर द्यावा. तेलातून निघालेल्या जॉबवर रॉकवेल घ्यायला माणूस आणि वेळ लागतो. तपासणी तुकड्याचा उरलेला अर्धा भाग हीट नंबर आणि तारीख पंच करून, ती बॅच ग्राहकाकडे वापरली जाईपर्यंत रॅकवर जपून ठेवावा.